बांधावरचं राहू दे

नर्सरीवाल्यानं दिलेली यादी तू फोनवर वाचून दाखवलीस. टेकोमा, बोगनवेल, डुरांटाचं कुंपण, फॉक्सटेल पाम आणि मधोमध लॉन. दहा गुंठ्यांत मधमाश्या आणि फुलपाखरं यावीत म्हणून हे सगळं, असं तू म्हणालीस. पोरी, पैसे देण्याआधी आत्याचं थोडं ऐकून घे. या झाडांना फुलं येतील, त्यावर चार पाखरं बसतीलही. पण पाखराला यायला फूल पुरतं, नांदायला पुरत नाही. त्याला अंडी घालायला नेमकं पान लागतं, कोष टांगायला काडी लागते. माशीला घर करायला उघडी माती नाहीतर वाळकं लाकूड लागतं. आणि पोटाला बारा महिने काही ना काही लागतं. नुसती फुलं लावणं म्हणजे पाहुण्याला चहा पाजून रात्रीच्या एसटीला लावून देणं. तुला त्यांची वस्ती हवी आहे ना? मग ती वस्ती हिरडस मावळात आधीपासून आहे, तुझ्या जमिनीच्या बांधावरच आहे. ती ओळखायला शीक.

म्हणून सगळ्यात आधी जेसीबीवाल्याला थांबव. ‘प्लॉट साफ करून देतो’ म्हणतात तेव्हा बांधावरची करवंदाची जाळी, ओढ्याकडेची निर्गुडी, धायटीचं झुडूप, गेळा, मुरुडशेंग, कुडा असं सगळं एका दिवसात उपटून जातं, आणि मग तेच परत उभं करायला पाच-सात वर्षं लागतात. घर बांधायची जागा दोरी लावून आखून दे, गाडी यायची वाट दे, बाकी जमिनीला हात लावू देऊ नकोस. एक पावसाळा नुसतं बघ. जमिनीत काय काय दडलेलं असतं ते मृगाच्या पावसानंतर आपोआप वर येतं. टाकळा येईल, तेरडा येईल, दिंडा येईल, पुढे कुर्डू आणि सोनकी. यातलं एकही तुला विकत आणावं लागणार नाही.

आता ‘देशी’ म्हणून कुणी काहीही देईल, त्याचंही सांगते. कडुनिंब आपलाच, बाभूळ आपलीच, पण ती फलटण-बारामतीकडच्या कोरड्या रानातली झाडं. आपल्याकडच्या धो-धो पावसात, तांबड्या मातीत ती आपली नाहीत. देशी कशाला म्हणायचं याची माझी खूण सोपी आहे. घरातून निघून ओढ्यापर्यंत, देवराईपर्यंत चालत जा. वाटेत जे कुणी न लावता, पाणी न घालता वाढलं आहे ते इथलं. जांभूळ, हिरडा, अंजनी, करंज, उंबर, पांगारा, सावर, करवंद, कारवी, शिकेकाई. तुझ्या यादीत ही नावं आधी आली पाहिजेत.

पण मी याबाबतीत हटवादी नाही. कारळं मूळचं आफ्रिकेतलं आहे म्हणतात, पण डोंगरउतारावर पिढ्यान् पिढ्या आपण ते पेरत आलो, आणि त्याच्या पिवळ्या फुलोऱ्यावर मधमाश्यांची जी गर्दी होते ती बघायलाच हवी. कारळ्याला दाणा धरायला माशी लागतेच. त्याचा एक पट्टा जरूर पेर. चार तास तिळाचे टाक.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते अळीच्या बाबतीत. फुलपाखरू सगळ्यांना हवं, अळी कुणालाच नको. परसात कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली की लगेच फवारा हातात घेतात. त्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी जी बारकी अळी असते ना, तीच पुढे हिरवी होते, डिवचली की डोक्यामागून तांबूस शिंग काढते आणि उग्र वास सोडते. घाबरायचं काही नाही, ती चावत नाही. दोन-तीन आठवडे ती खाते, मग कोषात जाते, आणि त्यातून काळं फुलपाखरू बाहेर पडतं. झाड मरत नाही, महिन्याभरात पुन्हा फुटतं. आमटीला पानं हवीत म्हणून भांडण नको, कढीपत्त्याची दोन झाडं लाव, एक तुझं, एक त्यांचं. लिंबाच्या बाबतीतही तेच. आपलं राज्य फुलपाखरू आहे ना, २०१५ साली जाहीर झालेलं, ते मोठं काळं-निळं ‘ब्लू मॉर्मन’, त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. लिंबू, माकडलिंबू, बेल. त्या झाडांवर विष मारायचं आणि फुलपाखराचं कौतुक करायचं, हे जमायचं नाही.

बहुतेक जातींची पानं ठरलेली असतात, आणि ती सोडून दुसरं पान अळी सहसा तोंडात घेत नाही, उपाशी मरते. रुईवर केशरी पंखांचं फुलपाखरू वाढतं, तिच्या चिकातलं कडवट विष अंगात साठवून ते पक्ष्यांपासून सुटतं. बहाव्यावर आणि टाकळ्यावर पिवळी पाखरं. हिरणदोडीच्या वेलावर निळ्या पट्ट्यांची. सापसंदीचा वेल मिळाला तर तो सोन्यासारखा जप, कारण काळी, लाल-गुलाबी अंगाची फुलपाखरं त्याच्या कुळातल्या वेलांखेरीज कशावरच वाढत नाहीत. साधं गवतसुद्धा कामाचं. तपकिरी, डोळ्यांचे ठिपके असलेली जी पाखरं सावलीत जमिनीलगत उडतात, त्यांच्या अळ्या गवतच खातात. लॉनचं नव्हे, उंच वाढू दिलेलं आपलं गवत. रुईचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नकोस, छाटशील तर नंतर हात साबणानं धू.

आणि बांडगूळ! आंब्यावर ते चढलं की मी स्वतः काढते, आंब्याला ते शोषतं. पण ओढ्याकाठच्या एखाद्या मोठ्या रानझाडावर एखादा झुपका असेल तर राहू दे. पिवळं-लाल हळदीकुंकू फुलपाखरू त्याच पानांवर अंडी घालतं, आणि त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतो.

आता बारा महिन्यांच्या पोटापाण्याचं. हे नीट मनात धर, कारण बहुतेक बागा इथेच फसतात. एका ऋतूत फुलांचा ढीग आणि पुढचे तीन महिने काहीच नाही, असं झालं तर मधमाश्या पोळं सोडून जातात. फाल्गुनात पळस, पांगारा, सावर, धायटी असतात, करवंदाला पांढरी सुवासिक फुलं येतात. चैत्र-वैशाखात जांभूळ मोहरतं, करंज फुलतो, बहावा लोंबतो. महाबळेश्वरच्या बाजूला जांभळाचा मध वेगळा काढतात तो याच दिवसांतला. मृगाच्या आसपास कुडा. मग येतो तो खरा अवघड काळ, आषाढ. झोडपून पाऊस पडतो, माशीला बाहेर पडता येत नाही, आणि पडलीच तरी फुलातला मकरंद धुऊन गेलेला असतो. उघडीप मिळाली की ती बाहेर निघते तेव्हा घराजवळ काहीतरी हवं. म्हणून दिंड्याला मी फार मानते. त्याच्या बारीक पांढरट फुलांच्या चपट्या गुच्छांवर पावसाच्या खंडात फुलपाखरं, माश्या, गांधीलमाश्या सगळ्या एकदम तुटून पडतात. मुरुडशेंग याच काळात सुरू होते. श्रावणात तेरडा. भाद्रपद-आश्विनात तर काही सांगायलाच नको, तीळ, कारळं, सोनकी, कुर्डू, निर्गुडी. कार्तिकापासून कोरांटी आणि तुंबा, आणि माघाच्या सुमारास अडुळसा. अडुळशाच्या फुलाचा ओठ मोठ्या भुंग्याच्या बेताचाच आहे, तो आत शिरला की त्याच्या पाठीवर पराग लागतो. शेवगा अधूनमधून फुलतच राहतो.

तुझ्या जमिनीवर एक कागद घेऊन बस आणि हे महिने लिहून काढ. ज्या महिन्यापुढे जागा कोरी राहील, त्या महिन्याचं झाड आधी लाव. बाकीच्यांना घाई नाही. आणि एकेक रोप सुटं लावू नकोस. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, त्यामुळे पाच कोरांट्या पाच कोपऱ्यांत लावण्यापेक्षा पाचही एकत्र लाव. तिचा फेरा वाचतो आणि फुलाफुलांतला पराग योग्य जागी पोचतो.

तुझ्या उताराला वरच्या बाजूला कारवी आहे. जावयांना ती नुसती काटक्यांची गर्दी वाटेल, कारण ती आठ वर्षांतून एकदाच फुलते. सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी ती २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. त्याच फेऱ्यानं पुढचा बहर २०३२ चा. प्रत्येक डोंगराचा फेरा सारखाच असेल असं नाही, तुझ्याकडच्या कारवीचा कुठला ते गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला विचार, त्याला पक्कं ठाऊक असेल. त्या एका हंगामात आग्या माशी डोंगरावर लोटते. मधली सात वर्षं ती उताराची माती धरून ठेवते. फुलून, बी टाकून वाळली की मगच तोड, त्या काठ्यांचा कूड अजूनही उत्तम होतो.

रात्रीचंही एक जग आहे, ते विसरू नकोस. पांढरी, सुवासिक, संध्याकाळी उमलणारी फुलं पतंगांसाठी असतात. पारिजातक घराजवळ लाव, कुडा कुंपणाला. सावरीच्या फुलांवर रात्री वटवाघळं येतात. पण दारासमोर पांढरा हॅलोजन रात्रभर जळत ठेवलास तर तेच पतंग दिव्याभोवती फिरून सकाळी मरून पडतील. मंद पिवळा दिवा लाव, खाली तोंड करून, आणि झोपताना बंद कर.

आता घरांबद्दल. लोकांना वाटतं, मधमाशी म्हणजे पोळं. पण पोळं करून राहणाऱ्या माश्या मोजक्याच. उंच झाडावर, कड्यावर, पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं पोळं लोंबवते ती आग्या. झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक पोळी बांधते ती सातेरी. झुडपात तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. भिंतीच्या फटीत डिंकाची नळी काढून राहणाऱ्या, डंख नसलेल्या बारीक काळ्या माश्या. बाकी शेकडो जाती एकट्या राहतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य जमिनीत बीळ करून अंडी घालतात. त्यासाठी त्यांना उघडी, टणक, उन्हं येणारी माती लागते. म्हणून सगळीकडे फरशी, पेव्हर ब्लॉक आणि पालापाचोळ्याचं आच्छादन करू नकोस. पूर्वेकडच्या बांधाची एक हातभर लांबीची कड मोकळी ठेव, तिथे कुदळ चालवू नकोस. तिथे बारीक भोकं दिसली तर मुंग्यांची म्हणून पावडर टाकू नकोस, आधी ऊन चढल्यावर बसून कोण आत-बाहेर करतं ते बघ.

भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत घर करतो. त्यासाठी एखादा वाळलेला वासा, सुकलेल्या पांगाऱ्याची फांदी सावलीत पडू दे. काळा, घोंघावणारा, अंगावर आल्यासारखा वाटतो म्हणून त्याला मारायची पद्धत पडली आहे. नराला डंखच नसतो, मादी धरली तरच चावते. निळसर पट्ट्यांची माशी मातीच्या भिंतीत, बांधाच्या कडेत राहते. तिचे नर संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्यानं धरून एकाखाली एक झोपतात. ती काडी तोडू नकोस. आणि गुलाबाच्या, तुरीच्या पानाला कडेनं गोल गोल काप दिसले तर ती कीड नाही, पानकापी माशीनं आपल्या अंड्यांच्या खोल्यांना अस्तर नेलं आहे. परदेशी व्हिडिओंतली केसाळ ‘बंबल बी’ आणि तिची घरं इकडे शोधू नकोस, ती आपल्याकडे हिमालयात असते, सह्याद्रीत नाही.

आग्या पोळं घराजवळ लागलं तर त्याला डिवचू नका, एवढाच नियम. धूर नको, खाली फटाके नकोत, दगड नको. हंगाम संपला की ती आपण होऊन उठून जाते.

हे सगळं ऐकून तुला वाटेल, आत्याला बागेपेक्षा किड्यांचीच काळजी. तर मग वांग्याचं सांगते. वांग्याच्या फुलात मधोमध ज्या पिवळ्या नळ्या असतात, त्यांच्यात पराग बंद असतो आणि टोकाला फक्त बारीक भोक. मधमाशी त्यावर बसून फारसं काही करू शकत नाही. भुंगा आणि ती निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला घट्ट धरतात आणि अंग थरथरवतात, तेव्हा तो पराग भोकातून भुरभुरतो. कान देऊन ऐकलंस तर उडतानाच्या आवाजापेक्षा वेगळा, बारीक आवाज येतो. टोमॅटोलाही त्याचा फायदा होतो. बांधावरचं वाळकं लाकूड आणि उघडी माती यांचा वाफ्यातल्या वांग्याशी असा थेट संबंध आहे.

वेलभाज्यांचं त्याहून उघड. भोपळा, काकडी, कारलं, दोडका, दुधी, सगळ्यांना नर आणि मादी फुलं वेगळी. माशी फिरली नाही तर इवलासा भोपळा पिवळा पडून गळतो, आणि बाई म्हणते खत कमी पडलं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, म्हणजे सगळं काम सकाळच्या दोन-चार तासांत होतं. दोडक्याचं आणि दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, दुधीचं पांढरं, पतंगांसाठीचं.

म्हणूनच फवाऱ्याबद्दल लोक सांगतात ना, ‘संध्याकाळी मारा, माश्या घरी गेलेल्या असतात’, ते अर्धंच खरं आहे. भोपळ्यासाठी ठीक, दुधी-दोडक्यासाठी नाही. माझा नियम सरळ आहे. फुलोऱ्यात काहीही मारायचं नाही, निंबोळी अर्कसुद्धा नाही. वांग्याचा शेंडा मलूल झाला की आत अळी आहे, तो शेंडा कापून नष्ट कर, दर आठवड्याला न चुकता. फळमाशीसाठी कामगंध सापळे लाव आणि काकडी-कारल्याची कोवळी फळं कागदात गुंडाळ. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मार आणि आठ दिवस थांब. कोथिंबीर, शेपू, मुळा यांची दोन-चार झाडं फुलावर जाऊ दे. त्यांच्या बारीक फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, हवेत एका जागी थांबणाऱ्या माश्या येतात. त्यांच्या अळ्या माव्यावरच जगतात.

इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम अशी नावं बाटलीवर दिसली तर ती घरात आणू नकोस. ही औषधं पानावर राहत नाहीत, झाडाच्या रसात मुरतात आणि तिथून परागात आणि मकरंदात उतरतात. युरोपात २०१८ मध्ये याच गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो मधमाश्यांसाठी. नर्सरीतून रोप घेताना एवढं विचारायचंच, ‘कुंडीत कीटकनाशकाचे दाणे टाकलेत का?’ मग ते रोप कितीही देशी असो. त्यापेक्षा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत चौकशी कर, जांभूळ, करंज, बहावा, हिरडा तिथे स्वस्तात मिळतात.

खरं तर विकत घ्यायची गरजच थोडी आहे. निर्गुडी, अडुळसा, पांगारा, शेवगा हे फांदीवर येतात. बोटाएवढी जाड, हातभर लांब फांदी पावसाच्या सुरुवातीला खोचायची. बहाव्याची शेंग फोडून बी काढ, ते फार टणक असतं, गरम पाणी ओतून रात्रभर भिजव किंवा खरखरीत दगडावर एका बाजूनं घास, नाहीतर वर्ष वर्ष उगवत नाही. जांभळाचं उलटं. ते बी वाळवून ठेवलंस की गेलं. खाऊन झालं की त्याच आठवड्यात मातीत टाक. करवंदाचंही तसंच. रानातून बी आणताना मूठभरच घे, झाडाखाली राहिलेलं पाखरांचं आणि जमिनीचं आहे. आणि देवराईतून काहीही नाही, वाळकी काटकीसुद्धा नाही. आपल्या वाडवडिलांनी पाळलं ते आपणही पाळायचं.

झेंडू-जास्वंद लावू नको असं मी म्हणत नाही, सणाला लागतातच. पण जास्वंद एकेरी पाकळ्यांची लाव. दाट, भरगच्च पाकळ्यांच्या जातींमध्ये केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, माशीला तिथे काही मिळत नाही. पिचकारीचं लाल फुलांचं आफ्रिकी झाड मात्र नकोच, त्याच्या फुलांत बारीक माश्या मरून पडलेल्या सापडतात. ‘रानफुलांचं मिश्र बी’ म्हणून पाकिटं मिळतात त्यांत बहुधा कॉसमॉस असतो, तो एकदा माळावर सुटला की तेरडा-सोनकीची जागा खातो.

आता घाणेरी. तिच्यावर फुलपाखरं बसतात हे खरं, म्हणून कुणी तुला ती ठेवायला सांगेल. पण तिच्या पानावर आपल्या फुलपाखरांच्या अळ्या सहसा वाढत नाहीत, आणि तिच्या जाळीखाली दुसरं काही उगवत नाही. ती काढायची, पण एकदम सगळी नाही. एका बाजूनं काढत जायचं आणि मोकळ्या जागेत त्याच पावसात करवंद, निर्गुडी, धायटी लावायची. नाहीतर पुढच्या वर्षी तिथे रानमोडी माजते. वरून छाटून उपयोग नाही, दुप्पट फुटते. बुंध्याशी माती उकरून, जमिनीखाली तीन बोटं, मुळाची मान जिथे सुरू होते तिथून तोडायची आणि खोड उलटं करून ठेवायचं, म्हणजे परत धरत नाही. फळं काळी व्हायच्या आत हे व्हावं, नाहीतर पाखरं बी पसरवतात.

वणव्याचं तर तुला सांगायलाच हवं, कारण शहरात राहून हे कळत नाही. शिमग्याच्या आसपास डोंगर पेटतात. नवं गवत चांगलं येतं या समजुतीनं कुणी लावतं, कुणाची बिडी पडते. त्या आगीत काडीवरचे कोष जातात, जमिनीवरची अंडी जातात, करवंदाची जाळी बुंध्यापर्यंत जळते. पौष संपायच्या आत जमिनीभोवती चार-पाच हात रुंदीचा पट्टा साफ करून जाळरेषा काढ, शेजाऱ्यांनाही सोबत घे. आतलं गवत कार्तिकात बी झडल्यावर काप, पण सगळं एकदम नाही, एक पट्टा उभा राहू दे. कोष तिथेच असतात.

मधाच्या पेट्या आणायच्या का, असंही विचारलं होतंस. दोन वर्षं थांब. आधी खाणं उभं राहू दे, मग खाणारी तोंडं वाढव. तेव्हा आणायचीच झाली तर सातेरीची आण. शिकायचं असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. आणि एकदा महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर बघून ये, २०२२ मध्ये ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथली माणसं रान वाचवतात तेव्हाच पेटीत मध भरतो, हे तुला त्यांच्याशी बोलल्यावर कळेल.

पाण्यासाठी पसरट मातीची परात ठेव, त्यात गोटे घाल. गोटे नसतील तर माश्या बुडतात. नळाखाली थोडी जमीन ओली राहू दे, फुलपाखरांचे नर तिथे चिखलातले क्षार प्यायला जमतात. तुझ्या पुण्याच्या गॅलरीतही काही करता येईल. कढीपत्ता, लिंबू, सब्जा, कोरांटी एवढं पुरे. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नकोस, निम्म्या माश्यांसाठी ठेव.

रोहिणी लागायच्या आत खड्डे खणून ऊन खाऊ दे, प्रत्येकी मूठ-दोन मूठ शेणखत पुरे, रानझाडांना त्याहून जास्त सोसत नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी लागेल, बुंध्याशी मडकं पुरून ठेव. येत्या रविवारी याल तेव्हा जावयांना जाड हातमोजे आणि लहान टिकाव आणायला सांग. विहिरीच्या बाजूच्या घाणेरीपासून सुरुवात करू. आणि बाजारात जांभळं आली की बिया फेकू नकोस, ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच आठवड्यात माझ्याकडे पाठव.